फोम काँक्रीट (उष्णतारोधक तळथर)

सिमेंट, पाणी आणि गरजेप्रमाणे बारीक वाळू किंवा राख (फ्लाय अ‍ॅश) यांच्या पातळ मिश्रणात टिकाऊ फेस मिसळून केलेले हलके काँक्रीट. यात खडी नसते. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किग्रॅ. भरते, तर हे ३०० ते १,६०० किग्रॅ. फरशीखालच्या थरासाठी बहुधा ४०० ते ६०० किग्रॅ. घनता निवडतात. अशा १० सेंमी. थराचा भार चौरस मीटरला ४० ते ६० किग्रॅ. येतो, साध्या काँक्रीटचा २४० किग्रॅ.

बुडबुड्यांत कोंडलेली हवा उष्णता सहज वाहू देत नाही. ४०० किग्रॅ. घनतेच्या कोरड्या थराची उष्णतावाहकता ०.१ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, साध्या काँक्रीटची त्याच्या दहापटीहून अधिक. पॉलिस्टायरीनचे तक्ते याहून सरस रोधक आहेत. मात्र फोम काँक्रीट जळत नाही आणि नळ-वायरिंगच्या भोवती, खाचाखोचांत पाण्यासारखे पसरून आपोआप समतल होते.

दक्षिण कोरियात याचा वापर घरोघरी दिसतो. तेथील सदनिकांमध्ये ओंडोल ही तापणारी जमीन करताना स्लॅबवर आवाजरोधक थर, त्यावर सुमारे ४० मिमी. फोम काँक्रीट, मग गरम पाण्याच्या नळ्या आणि वरून सिमेंट-वाळूचा कोबा, अशी रचना असते. त्यामुळे ऊब खालच्या स्लॅबमध्ये न मुरता खोलीत राहते. महाराष्ट्रात गच्चीवरील ब्रिकबॅट कोब्याऐवजी आणि संडास-न्हाणीच्या सखल स्लॅबमधील विटांच्या तुकड्यांच्या भरावाऐवजी हे वापरता येते. स्लॅबवरचा बोजा त्याने बराच कमी होतो.

फेस चांगला असेल तर बादली उलटी केली तरी तो खाली पडत नाही. तयार माल एक लिटरच्या भांड्यात भरून तोलतात. ओली घनता ६०० ठरली असेल, तर आतला माल ६०० ग्रॅम भरायला हवा. वजन जास्त भरले तर फेस मोडला आहे आणि रोधकता घटणार, हे ओतण्याआधीच कळते.

हलकेपणाची किंमत मजबुतीत मोजावी लागते. ४०० किग्रॅ. घनतेला दाबसामर्थ्य प्रति चौ. मिमी. जेमतेम १ न्यूटन किंवा त्याहून कमी असते. म्हणून हा थर उघडा वापरत नाहीत. वर कोबा घालूनच फरशी बसवतात. सुकताना तो आकसतो, त्यामुळे घाईने वाळू देऊ नये. ओल शिरल्यास रोधकता उतरते, म्हणून जमिनीलगत खाली ओलरोधक पडदा घालणे आवश्यक असते.