मल्ल आणि माती

मल्लविद्येचा विचार करताना आपण डाव, पेच आणि खुराक यांचीच गणती करितो. ज्या भूमीवर ही विद्या उभी आहे तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः आपल्या जुन्या तालमींचे तत्त्वज्ञान ग्रंथांत कमी आणि हौद्यातील तांबड्या मातीत अधिक सामावलेले आहे.

ही विद्या राजाश्रयाने वाढली. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मल्लविनोद’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना उदार आश्रय दिला व त्यांच्याच कारकीर्दीत १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले.

हौद्यातील माती शेतातून आणून तशीच टाकिलेली नसते. ती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळतात आणि पठ्ठे ती स्वतः खोऱ्याने उकरितात. हा मेहनतीचा पहिला पाठ होय. माती मऊ राखणारा मल्ल स्वतःच्या पडण्याची सोय करितो, तशीच प्रतिस्पर्ध्याच्याही. आत उतरताना तीच माती कपाळी लावावयाची, घामाने निसटत्या अंगावर तीच टाकावयाची. आणि पराभवाची साक्षही पाठीला लागलेली तीच माती देणार!

मातीत पाय रुततो, पकड टिकते आणि चीतपट झाल्यावाचून निकाल लागत नाही. म्हणून तेथे दम व धीर वाढतो. गादीवर पाय झपाट्याने फिरतो, वेळ व गुण मोजले जातात. तेथे चपळाईला मोल. तात्पर्य, मल्लाचा स्वभाव सर्वस्वी त्याचा एकट्याचा नसतो. त्यात पायाखालच्या भूमीचाही वाटा असतो.

याचे उत्तम उदाहरण कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा गादीचा सराव नसताही सहावा आला. चारच वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीने दिलेला दम त्यांनी टाकिला नाही. नव्या भूमीचा धर्म तेवढा ओळखिला.

१९६१ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत आज माती व गादी या दोन्ही विभागांचे विजेते अखेरच्या कुस्तीत समोरासमोर येतात. आपली मुलेही शिक्षणानिमित्त, नोकरीनिमित्त दूरदूरच्या भूमीवर पाय ठेवीत आहेत. जेथे उभे राहाल ती भूमी ओळखा, आणि जिने घडविले तिला विसरू नका, एवढाच तालमीचा बोध त्यांच्या शिदोरीस पुरेसा आहे.