श्रीशैलाच्या वाटेवरची पडशी

सनदा, वतनपत्रे आणि वंशावळी यांच्या आधारे हैदराबादेतील मराठी घराण्यांचा इतिहास आपण लिहीत आलो. त्या घराण्यांतील माणसे पायी कशी हिंडली, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादा फिरकीचा तांब्या किंवा विटलेली घोंगडी पडून असेल, त्यांच्या घरी या इतिहासाचे साधन आहे. ते वाचता आले पाहिजे, इतकेच. श्रीशैलाच्या उन्हाळी वाटेवर ते वाचन चांगले साधते.

श्रीमल्लिकार्जुनाचे हे क्षेत्र नल्लमलाच्या डोंगरांत, कृष्णेच्या खोल दरीच्या काठी आहे. त्याला चार द्वारे मानतात : पूर्वेस त्रिपुरांतकम्, दक्षिणेस सिद्धवटम्, पश्चिमेस अलंपूर आणि उत्तरेस उमामहेश्वरम्. हैदराबादकरांना जवळचे ते उत्तरद्वार. तेथून अमराबादच्या पठारावर चढायचे, अरण्य ओलांडायचे, कृष्णेच्या पात्रापर्यंत उतरायचे आणि पाताळगंगेच्या पायऱ्यांनी पुन्हा वर यायचे. कर्नूलकडील वाट नागलूटी, पेद्दचेरुवु, भीमुनिकोलनु अशी चढत कैलासद्वारी पोहोचते. चौदाव्या शतकात प्रोलय वेम रेड्डीने यात्रेकरूंसाठी श्रीशैलास पायऱ्या बांधविल्या, यावरून ती चढण किती कठीण असावी याची कल्पना येते.

महाशिवरात्रीची यात्रा मोठी खरी, पण त्या वेळी हवा अद्याप सौम्य असते. खरी परीक्षा चैत्रात. वर्षप्रतिपदेला, म्हणजे उगादीला, कर्नाटकातून आणि सोलापूरकडून पायी येणारे भाविक भ्रमरांबेला माहेरची लेक मानून तिच्यासाठी साडीचोळी आणतात. पानगळीचे रान उघडे पडलेले, ओढे आटलेले, खडक तापलेले, अशा वेळी ही माणसे डोंगर चढतात.

आपल्या इतिहासातील श्रीशैलाची सर्वांत प्रसिद्ध भेटही याच ऋतूतली. १६७७च्या आरंभी शिवछत्रपती भागानगरास आले. कुतुबशहाशी करार झाल्यावर दक्षिणेकडे निघताना त्यांनी मुख्य सैन्य कडप्याच्या दिशेने सावकाश पुढे पाठविले आणि स्वतः घोडेस्वारांच्या एका तुकडीसह श्रीशैलाकडे वळले, असे ग्रँट डफ लिहितो. तेथे त्यांच्या मनात शिरकमल अर्पण करण्याचा विचार आला, ही बखरींतील कथा आपण सर्वांनी वाचलेली आहे. मला मात्र त्या भेटीतील सैन्य पुढे पाठविण्याचा निर्णय अधिक बोलका वाटतो. भक्ती कितीही मोठी असली तरी चैत्रातल्या नल्लमलात हजारो माणसांना आणि जनावरांना पाणी कोठून मिळणार? डोंगरात मोजकेच न्यावे, हा धडा येथे राजालाही चुकला नाही. मंदिराचे उत्तरेकडील गोपुर आज शिवाजी गोपुर म्हणून ओळखले जाते.

आता सामानाकडे वळू. सामान्य यात्रेकरूची पडशी म्हणजे दोन कप्प्यांची पिशवी. एक कप्पा छातीवर, दुसरा पाठीवर. ओझे दोहोंकडे सारखे पडते आणि हात मोकळे राहतात. तिच्यातील पहिला मान पाण्याच्या भांड्याचा : घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या, किंवा वाळवून पोखरलेल्या भोपळ्याचा हलका तुंबा. त्याच्या जोडीला सुताची लांब दोरी. आजच्या वाचकास या दोरीचा उलगडा सहसा होत नाही. उन्हाळ्यात विहिरी आणि कुंडे तळाला जातात. दोरी नसेल तर समोर पाणी दिसत असूनही माणूस तहानलेला राहतो. घरातून निघताना दोरी घेणाऱ्याने वाटेचा विचार केलेला असे.

तिसरी वस्तू डोक्यावरची. पागोटे किंवा साधे फडके, त्याची कामे मोजावीत तितकी थोडी : ऊन अडविणे, घाम टिपणे, जखम बांधणे, दोरी अपुरी पडली तर तिला जोड देणे आणि पाणी गाळणे. ‘वस्त्रगाळ’ हा आपला शब्द सोवळ्याशी इतका जोडला गेला की त्यामागील व्यवहार आपण विसरलो. बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या एका प्रयोगात जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्यांतून गाळलेल्या पाण्यामुळे पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीने यात्राच्या यात्रा उजाड केल्याचा काळ आपल्या पणज्यांनी पाहिला होता. फडके सर्वांजवळ होते, पण चार पदरी घडी सर्वजण करीत नसत, हेही कबूल केले पाहिजे.

अंगात सैल सुती बंडी, कमरेला धोतर. दख्खनच्या कोरड्या उन्हात सुताने शोषलेला घाम वाऱ्याने उडतो आणि अंग गार राहते. हेच सूत हिमालयात वैरी ठरते, कारण भिजलेले सूत थंडीत देहाची ऊब काढून घेते. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झालेल्या मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरांवर थर होते. त्या कपड्यांच्या प्रतिकृती पुढे २००६ मध्ये अंगावर घालून पाहिल्या, तेव्हा ते हलके आणि पुरेसे ऊबदार असल्याचे आढळले. डोंगर बदलला की वस्त्र बदलते.

लोकर आपल्या पडशीबरोबरही असेच, खांद्यावरच्या घोंगडीच्या रूपाने. तेलुगूत तिला ‘गोंगडी’ म्हणतात. शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. रात्रीचे अंथरूण, वळिवाच्या पावसात खोळ, काटेरी झुडपांत चिलखत, आणि शेकोटीची ठिणगी पडली तरी लोकर सुतासारखी भडकत नाही. वजन मात्र बेताचे नव्हते.

खाण्याला आपल्याकडे पाथेय, शिदोरी आणि हैदराबादी बोलीतला तोशा असे तीन शब्द. पदार्थ मात्र एकाच तत्त्वाचे. दुधात भिजविलेल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी, पुढे जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ, गूळ. कैरीच्या पन्ह्यातला गूळ आणि मीठ ही केवळ चवीची बाब नव्हती. घामावाटे गेलेले मीठ परत मिळते आणि साखरेच्या साथीने पाणी आतड्यांतून लवकर शोषले जाते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कांदा भाकरीबरोबर खावा.

पायांविषयी पूर्वजांचे कौतुक करता येत नाही. नवसापोटी अनवाणी चालण्याने भाजलेले, फुटलेले पाय घेऊन माणसे परतत. वहाणा असत, पण पुष्कळदा पडशीला बांधलेल्या.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पडशीत मावत नसे : वाट दाखविणारा चेंचू. मल्लिकार्जुनाला आपला जावई मानणारे हे वनवासी यात्रेकरूंना रानातून नेत आणि राखीत. पाणी कोणत्या कपारीत टिकते हे त्यांनाच ठाऊक. १९४०च्या सुमारास अमराबादच्या पठारावर हिंडून फ्यूरर-हैमनडॉर्फ याने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. ज्यांच्या भरवशावर आपले लोक शतकानुशतके डोंगर ओलांडत गेले, त्यांची आपण मराठीत पुरेशी दखल घेतली नाही, याची खंत वाटते.

पुढे मोटाररस्ता झाला, १९८०च्या दशकात कृष्णेवर धरण उभे राहिले, आणि हैदराबादहून सकाळी निघालेला माणूस दुपारी दर्शन घेऊ लागला. चालणे संपले तसे सामान वाढले. पडशीच्या जागी होल्डॉल आणि ट्रंका आल्या. तरीही चैत्री पौर्णिमेच्या सुमारास वनखाते थोडे दिवस सलेश्वरम्‌ची वाट खुली करते, आणि अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पातील त्या घळीत धबधब्याखालच्या शिवाच्या दर्शनाला आपली नातवंडेही आता हौसेने जातात. अंगाला चिकटणारे काळे कपडे आणि पाण्याची एकच छोटी बाटली घेऊन निघालेल्यांना आजीने दारातच थांबवावे. सैल, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला ओले करता येईल असे फडके, पकड असलेले बूट, माणशी तीन-चार लिटर पाणी, मीठ-गुळाचे पन्हे, आणि पहाटेचे निघणे. रानात प्लास्टिक टाकायचे नसल्याने माळ्यावरचा फिरकीचा तांब्या घासून दिला तरी चालेल. मुक्काम रानात नसल्यामुळे घोंगडी घरी ठेवायला हरकत नाही.