कोट कुणाचा, लोकर कुणाची?

गावातले एक वकील वारले तेव्हा त्यांचे कपडे महारकीचा हक्क म्हणून आमच्या पणज्याकडे आले. त्यात एक काळा, चकाकता कोट होता. आजा त्याला 'आलपाक्याचा कोट' म्हणे. तो घालून भरदिवसा गावातून जाण्याची पणज्याची छाती नव्हती. थंडीच्या रात्री राखणीला जाताना, अंधारातच तो अंगावर चढे. 1956 साली धम्मदीक्षा घेतल्यावर आज्याने मेलेल्यांच्या कपड्यांचा हक्क सोडला आणि तो कोट उकिरड्यावर नेऊन टाकला.

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले की आलपाका हे एका जनावराचे नाव आहे. मग प्रश्न पडला : वकिलाचा कोट आम्हाला ठाऊक, ती लोकर कुणाची होती?

आलपाकाचे घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे उंच, थंड पठार. विकुन्या या रानटी जनावरापासून तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला. आजही जगातील बहुसंख्य आलपाके पेरूमध्येच आहेत आणि त्यांना राखणारे बहुतेक केचुआ व आयमारा भाषा बोलणारे गरीब मेंढपाळ आहेत. इंका राज्यात कापडाला सोन्याहून अधिक मान होता. सरकारी कोठारातून घरोघर लोकर जाई आणि वेठ म्हणून कापड परत येई. 'कुंबी' नावाचे तलम वस्त्र मात्र राजा आणि सरदारांपुरते होते. तेव्हा इंकांचे राज्य समतेचे होते असे समजण्याचे कारण नाही. विणणारा एक आणि नेसणारा दुसरा, हा भेद गोऱ्यांच्या आधीपासूनचा आहे.

1532 साली पिझारोने काहामार्का येथे अताहुआल्पाला पकडले. त्यानंतर वेठ राहिली, बदलला तो फक्त मालक. रोगराईने आलपाकांचे कळप संपत गेले आणि उरलेल्या कुरणांवर स्पॅनिश मेंढ्या आल्या. माणसे पोटोसीच्या चांदीच्या खाणीत आणि 'ओब्राहे' म्हणवल्या जाणाऱ्या कापडाच्या कोंडवाड्यांत राबवली गेली. 1780 साली दुसऱ्या तुपाक आमारूने बंड केले तेव्हा त्याच्या लोकांनी पोमाकांची येथील असा कोंडवाडा फोडला आणि आतले कापड लोकांत वाटून टाकले. ते कापड कुणी विणले होते, हे त्यांना ठाऊक होते.

18 मे 1781 रोजी कुस्को येथे त्याला हालहाल करून मारण्यात आले. त्या शिक्षेच्या हुकुमातच इंकांचा पोशाख घालण्यावर बंदी होती. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेताची वस्त्रे नेमून दिली. 1927च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हे सांगितले. सत्तेला माणसाच्या अंगावरच्या कापडाची एवढी धास्ती का वाटते, याचे उत्तर कुस्कोत आणि महाडात एकच आहे. कापड माणसाची पायरी सांगते. ते बदलले की पायरी हलते.

1821 साली पेरू स्वतंत्र झाला. मेंढपाळ झाला नाही. 1830च्या दशकात टायटस सॉल्ट या इंग्रज गिरणीवाल्याला लिव्हरपूलला आलपाकाचे पडून राहिलेले गठ्ठे दिसले. सुती ताण्यात ही लोकर भरून त्याने चकाकते कापड काढले आणि 1853 साली सॉल्टेअर नावाची गिरणी व वसाहत उभी केली. आलपाकाचे काळे कोट कारकून-वकिलांच्या अंगावर चढत आपल्या गावापर्यंत आले ते या काळातच. सॉल्टला सरदारकी मिळाली, गावाला त्याचे नाव मिळाले. ज्याने लोकर कातरली त्याचे नाव कुठेही नाही.

नाव पुसले जाणे ही काय चीज आहे, ते चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याच्या हकिगतीतून कळते. जिवंत आलपाके देशाबाहेर नेण्यास बंदी असताना त्याने सुमारे अडीचशे जनावरे 1858 साली सिडनीला उतरवली. पुढे त्यानेच सिंकोनाचे बी युरोपात धाडले. ते बी जमवणारा त्याचा आयमारा नोकर मानुएल इंक्रा मामानी पकडला गेला, त्याला मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. त्या झाडाच्या जातीला नाव मिळाले ते लेजरचे.

1928 साली मारियातेगी या पेरूच्या विचारवंताने मांडले की इंडियनांचा प्रश्न हा दयेचा किंवा शिक्षणाचा नाही, तो जमिनीचा आहे. 24 जून 1969 रोजी वेलास्कोच्या लष्करी सरकारने जमीनसुधारणेचा कायदा केला आणि 'इंडियन दिना'चे नाव 'शेतकरी दिन' झाले. जमीनदारी मोडली हे खरे. पण लोकरीचा भाव ठरवणारा बाजार मेंढपाळाच्या हाती आला नाही. आपल्याकडील जमिनीच्या लढ्यांत उतरलेल्या कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा.

1980च्या दशकापासून आलपाका अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गेला. काही काळ एकेका जनावराला हजारो डॉलर भाव आला, मग तो कोसळला. आता तिथले हौशी लोक शेतघरावर चार-दहा आलपाके पाळतात आणि साबणाच्या ऊन पाण्यात लोकर चोळून तिचे नमदे करतात. या लोकरीचे खवले बारीक असतात, म्हणून पुष्कळदा तिच्यात मेंढीची लोकर मिसळावी लागते. त्यांचे काम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे पिंजाऱ्याने असेच थापून केलेले बुरणूस आणि सणगराने विणलेली धनगरी घोंगडी याच हातांची कामे आहेत. तिथल्या कामाला कला म्हणतात, इथल्या कामाला जात म्हणतात.

आज्याने कोट फेकला, ते योग्यच केले. तो कोट वकिलाचाही नव्हता, हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते. ते सांगणे इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याचे काम आहे. वर्गात मी आता आधी कोट कुणी घातला हे विचारत नाही. लोकर कुणी कातरली, इथून सुरुवात करतो.