जरीचे पंख

ध्वज आणि चिन्ह यांचे माहात्म्य आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. महाभारताच्या द्रोणपर्वात प्रमुख योद्ध्यांच्या ध्वजांचे वर्णन आले आहे. अर्जुनाच्या ध्वजावर वानर, कृपाचार्यांच्या ध्वजावर वृषभ, अश्वत्थाम्याच्या ध्वजावर सिंहाचे पुच्छ, जयद्रथाच्या ध्वजावर वराह. धुळीने दिशा झाकोळून गेल्या असता रथात कोण आहे हे दुरून कळावे, हा त्यांचा व्यवहारातील उपयोग. सौंसरजवळ जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडणाऱ्या भाविकास कपिध्वजाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

पांढुर्णेकरांस तर ध्वजाची किंमत आणखी निकट परिचयाची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावे परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. या गोटमारीत माणसे जायबंदी होतात, प्रसंगी प्राणासही मुकतात. तिचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु बाजारात ज्याची किंमत चार पैसेही येणार नाही अशा कापडाच्या तुकड्यासाठी माणूस काय पणाला लावतो, हे पाहावयास पांढुर्णेकरास दूर जावे लागत नाही, एवढे खरे.

प्रस्तुत लेखात ज्या कापडाच्या तुकड्यांविषयी आम्ही लिहीत आहोत ते याहूनही लहान, तळहातावर मावणारे आहेत. गेल्या शतकातील महायुद्धांत वैमानिकांच्या अंगरख्यावर शिवलेले पंख, बाहीवरील बिल्ले आणि टोपीवरील चिन्हे जमविण्याचा व ओळखण्याचा छंद युरोप-अमेरिकेत फार बोकाळला आहे. आपल्याकडे असे संग्राहक थोडे. पण ज्यांचा संग्रह व्हावा अशा वस्तू मात्र थोड्या नाहीत. नागपूर व आमला ही वायुसेनेची दोन ठाणी एकाच लोहमार्गावर असून पांढुर्णा त्यांच्या मधोमध वसलेले आहे. सोनेगावचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सिद्ध झाला, दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश वायुसेनेच्या वापरात होता, आणि आज वायुसेनेच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे. या ठाण्यांवर ज्यांनी वैमानिक, यांत्रिक, कारकून वा शिंपी म्हणून आयुष्य वेचले त्यांच्या घरच्या जुन्या ट्रंकांत काय पडून आहे, याची विचारपूस कोणी केलेली नाही.

आता या चिन्हांची भाषा थोडी समजून घेऊ. वैमानिकाच्या छातीवरील पंख ही ब्रिटिश पद्धती १९१३ सालची. मध्ये पानांची माळ, तीत सेनेची आद्याक्षरे, वर राजमुकुट आणि दोन्ही बाजूंस पाकोळीचे पंख. जो विमान चालवीत नाही, पण त्यातून लढतो, त्यास एकच पंख मिळे. अशा अर्ध्या पंखाच्या मुळाशी एखादे अक्षर असते, आणि ते अक्षर काळ सांगते. निरीक्षकाचे ‘ओ’ हे अक्षर १९४२ मध्ये मागे पडून मार्गदर्शकासाठी ‘एन’ आले. ‘एजी’ म्हणजे विमानावरील तोफची. मुकुटाचेही तसेच आहे. सहाव्या जॉर्जच्या काळातील मुकुटाच्या कमानी गोलाकार चढत्या आहेत. एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणानंतर जो मुकुट आला त्याच्या कमानी माथ्यावर खचलेल्या दिसतात. हा भेद एकदा डोळ्यांत भरला की युद्धकाळचा बिल्ला कोणता आणि नंतरचा कोणता हे बव्हंशी पहिल्या दृष्टिक्षेपातच कळते. सध्याचे राजे चार्ल्स यांनी मात्र पुन्हा गोल कमानींचा मुकुट पसंत केल्यामुळे पुढील पिढीच्या संग्राहकांची थोडी फजिती होणार आहे.

हे पंख छातीवर लावणाऱ्या पहिल्या हिंदी तरुणांत एक मुंबईचा होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदळातून लढलेल्या चार हिंदी वैमानिकांची नावे प्रसिद्ध आहेत: हरदितसिंग मलिक, एरोल सेन, इंद्रलाल रॉय आणि श्रीकृष्ण वेलिंकर. आडनाव उच्चारताच गोमंतकीय वाचकास वेलिंग गाव आठवावे! इंद्रलाल रॉय यांनी १९१८ च्या जुलैत अवघ्या काही दिवसांत शत्रूची दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्यात ते पडले. त्यांची कीर्ती झाली. मलिक यांनी पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण करवून घेतल्याची कथाही लोक आवडीने सांगतात. वेलिंकरांविषयी मात्र मराठी मुलखातही फारसे कोणी बोलत नाही. ते तेविसाव्या पथकात डॉल्फिन जातीचे विमान चालवीत. १९१८ च्या जूनअखेरीस उड्डाणास गेले ते परतले नाहीत. शत्रूच्या ताब्यात, जखमी स्थितीत, ३० जून रोजी त्यांचे देहावसान झाले. जर्मनांनी त्यांस रीतसर मूठमाती दिली, परंतु थडग्यावरील नावाचे रूप इतके पालटले होते की ते कोणाचे हे ठरविण्यास युद्धानंतर पुष्कळ चौकशी करावी लागली. आज फ्रान्समधील हँगार्ड येथील दफनभूमीत त्यांचे नाव कोरलेले आहे.

हा वृत्तांत आम्ही मुद्दाम दिला. पंखांवरून सेना कळते, मुकुटावरून काळ कळतो, अक्षरावरून काम कळते. नाव मात्र कोणत्याही बिल्ल्यावरून कळत नाही. ते कोणीतरी नीट लिहून ठेवावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात चिन्ह ओळखण्यात चूक होणे म्हणजे आपल्याच माणसाच्या गोळीने मरणे असे झाले. ब्रिटिशांच्या विमानावरील वर्तुळाच्या मध्यभागी तांबडा ठिपका होता आणि जपानी विमानावर तांबडे सूर्यबिंब. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जंगलावरून क्षणार्धात निघून जाणाऱ्या विमानाचा तो तांबडा रंग तेवढा दिसे, आणि खालचा तोफची विचार करीत बसत नसे. म्हणून या आघाडीवर वर्तुळातील तांबडा रंग काढून केवळ गडद व फिक्या निळ्या रंगाचे वर्तुळ ठेविले गेले. अमेरिकनांनीही याच भयाने १९४२ च्या मे महिन्यात आपल्या पांढऱ्या ताऱ्यामधील तांबडा ठिपका पुसला. १९४३ च्या जूनमध्ये ताऱ्याच्या दोन्ही बाजूंस पट्टे जोडून भोवती तांबडी किनार दिली, ती सप्टेंबरात पुन्हा निळी केली. त्यामुळे तांबड्या किनारीचे चिन्ह असलेले छायाचित्र वा विमानाचा पत्रा हाती आला तर त्याचा काळ त्या उन्हाळ्याच्या आसपासचा ठरतो. इतकी नेमकी तिथी आपल्या ताम्रपटांवरही कित्येकदा सापडत नाही.

हिंदी वायुसेनेची कथा अशीच चिन्हांतून वाचता येते. तिची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिले पथक १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस चार वापिती विमानांवर उभे राहिले. या पथकाचे चिन्ह पंखधारी वाघ. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली याच पथकाने हरिकेन विमानांवरून काम केले. १९४५ च्या मार्चमध्ये सेनेच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली आणि २६ जानेवारी १९५० रोजी ती गळून पडली. म्हणजे ज्या बिल्ल्यावर ही उपाधी आहे तो या पाच वर्षांतला. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्राचे वर्तुळ होते. प्रजासत्ताकापासून केशरी, पांढरा व मध्ये हिरवा असे वर्तुळ आले. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि वायुसेनेचे ब्रीद आज गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शनाच्या शब्दांत आहे. हृषीकेश मुळगावकर यांच्यासारखा सेनानी महायुद्धाच्या काळात मुकुटाच्या चिन्हाखाली सेवेत शिरला, काश्मीरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल महावीरचक्राचा मानकरी झाला आणि १९७८ मध्ये सिंहांच्या चिन्हाखाली वायुसेनाप्रमुख म्हणून निवृत्त झाला.

पहिल्या पथकाचे पुढे काय झाले, हेही बिल्ले पारखणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. फाळणीच्या वेळी ते पथक भारतात उरले नाही. पुढे २६ जानेवारी १९५३ रोजी पंधराव्या पथकास पहिल्याचा क्रमांक देऊन ते नाव पुन्हा जिवंत करण्यात आले. एखादा विक्रेता ‘पहिले पथक, सन १९५०’ अशी चिठ्ठी लावून वाघाचा बिल्ला दाखवू लागला, तर त्यास नमस्कार करून पुढे जावे हे बरे.

या देशाशी निगडित बिल्ल्यांत सर्वांत देखणे म्हणजे चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या संयुक्त आघाडीवरील अमेरिकन सैनिकांचे. ढालीच्या निळ्या माथ्यावर एका बाजूस चीनचा सूर्य, दुसऱ्या बाजूस हिंदुस्थानचा तारा आणि खाली तांबडे-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेतून आलेले बिल्ले यंत्रावर विणलेले, एकसारखे. पण सैनिकांस ते नीरस वाटत. म्हणून कलकत्ता, दिल्ली येथील बाजारांत जाऊन ते आमच्या कारागिरांकडून चामड्यावर रंगवून किंवा मखमलीवर जरदोजीने भरून घेत. ज्या हातांनी देवाची पोशाखी वस्त्रे आणि पालखीची झूल भरली त्याच हातांनी परदेशी सैनिकांचे तारे व वाघ भरले. कारागीराने चिनी सूर्य कधी पाहिलेला नसे; म्हणून प्रत्येक सूर्याचे किरण निराळे उतरले. जे तेव्हा ओबडधोबड मानले गेले त्यासच आज पाश्चात्त्य संग्राहक डोक्यावर घेतात, यात आम्हांस नवल वाटत नाही. तेवढ्यापुरता तो बिल्ला हिंदुस्थानच्या कलेच्या इतिहासातही मोडतो, आणि त्या कारागिरांचे नाव कोठेच नाही.

परीक्षेच्या काही रीती येथे सांगतो. बिल्ला पुढून पाहण्यापूर्वी उलटून पाहावा. मागची बाजू सहसा खोटे बोलत नाही. जुन्या जरीच्या बिल्ल्यास मागे कापड, कागद वा खळ लावलेली असते आणि तार काळवंडलेली असते. अमेरिकन बिल्ल्याची कड कापलेली व सपाट असावी. जाड गोफासारखी विणलेली कड बहुधा युद्धानंतरच्या काळातील असते. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरले असता धागा पांढराशुभ्र चमकला तर संशय घ्यावा, कारण अशी चमक आणणारी द्रव्ये व कृत्रिम धागे युद्धानंतरच सर्रास झाले. आणि आपल्या देशातील एक खूण परदेशी जाणत्यांच्या सहसा लक्षात येत नाही: अंगरख्याच्या आतील पट्टीवर धोब्याने न पुसणाऱ्या शाईने घातलेली खूण. ज्याच्या अंगरख्यावर ती आहे तो हिंदुस्थानात धुतला गेला, हे निश्चित.

बनारसेस आजही देशोदेशींच्या सेनांसाठी जरीचे बिल्ले भरले जातात. जुन्या नमुन्यावरून नवा बिल्ला केला तर हस्तकौशल्य तेच असल्याने पारखणे कठीण जाते. कारागीर त्यात फसवीत नाही; तो मागणीप्रमाणे काम करतो. फसवणूक पुढे, चहाच्या पाण्यात बुडवून जुना करणाऱ्याच्या हाती होते.

परंतु आमच्या भागात खोट्या बिल्ल्यांपेक्षा खऱ्यांचीच चिंता अधिक. जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरतात. पैठणीचे व शालूचे काठ जाळून त्यातील चांदी काढतात, हे गृहिणींस ठाऊक आहेच. त्याच गाठोड्यात आजोबांच्या कोटाचे जरीचे पंखही जातात. वस्तुतः बिल्ल्यांची तार पुष्कळदा मुलामा दिलेल्या तांब्याची असते आणि भट्टीतून हाती काहीच येत नाही. सौंसर हे हातमागाचे गाव. तार आणि सूत यांची पारख ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांनी तरी हा व्यवहार थांबविता आला तर पाहावा.

दुसरी हानी अधिक सभ्य मार्गाने होते. नातू बिल्ला विकतो, घेणारा तो चौकटीत बसवितो, आणि चार हात बदलल्यावर कोणाचा, कोठला, केव्हाचा हे सांगणारा कोणी उरत नाही. उरते ती चकाकी आणि किंमत. असा बिल्ला एखाद्याने अंगावर लावून मिरविणे तर कायद्यानेही धोक्याचे. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून सैन्याचे चिन्ह धारण करणे हा गुन्हा आहे. पेटीत ठेवणे निराळे.

दिल्लीस पालम येथे वायुसेनेचे संग्रहालय आहे, गोमंतकात दाबोळीजवळ १९९८ पासून नौदलाच्या विमानविभागाचे आहे, नागपुरात अजब बंगला आहे. घरात ठेवणे शक्य नसेल तर तेथे विचारावे. घरीच ठेवणार असल्यास बिल्ला कोटावरून उसवू नये, कोटासह ठेवावा. लोखंडी टाचणी लावू नये, तिचा गंज जरीस खातो. जर उजळविण्यासाठी चिंच वा लिंबू चोळू नये. धुतलेल्या जुन्या सुती पंचात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि सोबत एका कागदावर शिसपेन्सिलीने पूर्ण नाव, गाव, सेवेत शिरल्याचे व निवृत्तीचे वर्ष, ठाण्यांची नावे आणि ही माहिती कोणाकडून मिळाली ते लिहावे. घरातील वृद्ध हयात असतील तर हे काम या पोळ्याच्या आत उरकावे.