चमच्याने घेतलेली फिरकी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या लीच लेकला तळं म्हणायचं ते दुसरा शब्द नाही म्हणून. विस्तार लाखभर एकर, वारा सुटला की होडी उलटवतील अशा लाटा. या पाण्यात मस्की राहतो. चार फुटांहूनही जास्त वाढणारा, बदकाच्या चोचीसारख्या चपट्या जबड्याचा, पाणगवताच्या कडेला दबा धरून बसणारा शिकारी. आपल्या मरळीचा स्वभाव घ्या आणि त्याला कितीतरी मोठा देह द्या, म्हणजे अंदाज येईल. चांगल्या तळ्यातही दोन-चार एकरांमागे असा एखादाच मोठा मासा, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तोही खायच्या मनःस्थितीत नसतो. दहा हजार वेळा गळ फेकाल तेव्हा एक लागेल, असं तिकडे त्याच्याबद्दल म्हणतात. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

मग एवढ्या पाण्यात भुकेला मस्की शोधायचा कसा? आपल्याकडे मरळीसाठी गळाला बेडूक लावून काठावर बसतात. माशाने यायचं, माणसाने थांबायचं. लाखभर एकरांत असा थांबणारा थांबूनच राहील. तिथे फिरावं लागतं. फेकायचं, भराभर ओढून घ्यायचं, होडी थोडी सरकवायची, पुन्हा फेकायचं. निजलेल्या माशाची मनधरणी करत बसायचं नाही, जागा असेल तो धावून येईल. या भटकंतीचं हत्यार म्हणजे बकटेल : तारेभोवती गरगरणारं धातूचं पातं आणि त्याच्यामागे गळ झाकणारा, हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुबका. याचं कूळ शोधत गेलं की माणूस थेट स्वयंपाकघरात पोचतो.

व्हरमाँट राज्यात बोमोसीन नावाचं तळं आहे. १८२० च्या आसपास जुलिओ ब्युएल नावाचा पोरगा तिथे होडीत बसून जेवत होता आणि त्याच्या हातातला चमचा निसटून पाण्यात पडला. चमचा दगडासारखा सरळ बुडत नाही. कधी पोट वर, कधी पाठ वर, असा डुलत, मधूनच चमकत खाली जातो. तो तसा जात असताना एक मोठा मासा झेपावला आणि चमचा तोंडात धरून नाहीसा झाला. ब्युएलने पुढे दुसरा चमचा घेतला, दांडा कापून टाकला, उरलेल्या वाटीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. एका भोकात दोरी ओवली, दुसऱ्यात गळ अडकवला. कथा अशी सांगतात. तो जेवत नव्हता, चेरी खात होता, असंही कोणी सांगतं. कुळकथांत एवढं चालायचंच. घरातले चमचे एकेक करून कमी झाल्यावर आईने काय केलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. पक्कं आहे ते एवढं, की मोठेपणी ब्युएलने न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइटहॉल गावी हे चमचे बनवून विकायला सुरुवात केली आणि १८५२ साली त्यांचं पेटंट घेतलं.

मराठीत चमचा म्हणजे साहेबाच्या पुढेपुढे करणारा. तोही चकाकतो, डुलतो आणि मोठमोठे मासे गळाला लावतो. पण तो विषय वेगळा.

ब्युएलचा चमचा नुसता डुलत होता. त्याच काळात कारागिरांनी तो एका टोकाशी तारेला असा टांगला की ओढताना तो तारेभोवती फिरू लागला. चमच्याची फिरकी झाली. या फिरकीला मस्कीच्या पाण्यात मोठं केलं ते सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन गावातल्या जी. एम. स्किनरने. १८७४ साली त्याने पन्हळी पात्याचं पेटंट घेतलं. पातं सपाट असेल तर ते ऊन एकाच दिशेला फेकतं. पन्हळी असेल तर ऊन तुकड्या-तुकड्यांनी सगळीकडे उडतं. आणि ही नदी अगदी योग्य जागी होती. मस्की हे नावच या टापूतलं. ओजिब्वे लोक त्याला माश्किनूझे म्हणत; त्यातलं किनूझे म्हणजे पाइक, मस्कीचा चुलतभाऊ. फ्रेंच वसाहतवाल्यांना ते ‘मास्क अलाँजे’, लांबोडा मुखवटा, असं ऐकू आलं, आणि माशाचं तोंड बघता त्यांना दोष देता येत नाही.

पातं चमकतं हे आपल्याला दिसतं. मस्कीला त्याहून जास्त काही कळतं. त्याच्या अंगाच्या बाजूने, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाण्यातली थरथर टिपणाऱ्या इंद्रियांची ओळ असते. पातं गरगरताना पाण्याला जे धक्के देतं ते या ओळीला जाणवतात, म्हणून गढूळ पाण्यात किंवा काळोख्या रात्रीही फिरकी चालते. मागच्या झुबक्यासाठी आधी पक्ष्यांची पिसं बांधत. मस्कीच्या दातांपुढे पिसं ती किती टिकणार! हरणाचे केस चिवट, आणि शिकारीच्या मुलखात फुकट मिळणारे.

यानंतर कुळाची एक शाखा समुद्रापलीकडे वाढली. फ्रान्समध्ये १९३८ साली आंद्रे म्यूलनार याने मेप्स नावाची फिरकी काढली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या एका सैनिकाने ती विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावच्या टॉड शेल्डनला दिली. शेल्डनचं गळ-दोऱ्यांचं दुकान होतं. १९५१ साली वुल्फ नदीवर एकही मासा लागेना तेव्हा त्याने पेटीच्या तळातून ती बाहेर काढली, आणि दोन तासांत चार दणदणीत ट्राउट काढले. आता माल आणायचा कुठून? फ्रान्समधल्या एका बाईने फिरक्या पाठवायचं कबूल केलं, मोबदल्यात नायलॉनचे पायमोजे. काही काळाने बाईकडे पायमोजे पुरेसे झाले आणि व्यवहार थांबला. मग शेल्डनने थेट कारखाना गाठला. पुढे झुबक्यासाठी त्याला खारीच्या शेपटीचा शोध लागला, तोही नदीवर भेटलेल्या एका पोरामुळे. आजही ही कंपनी शिकाऱ्यांकडून खारीच्या शेपट्या विकत घेते. मस्कीच्या मोठ्या फिरकीला मात्र बहुधा हरणच लागतं.

अलीकडचा वंशज बघून ब्युएल चक्रावला असता. दोन हजार सालानंतरच्या दशकात मिनेसोटात डबल काउगर्ल नावाची फिरकी आली. तिला बशीएवढी वाटावीत अशी दोन पाती, आणि केसांच्या जागी लग्नाच्या मांडवात शोभेल असा चमचमत्या झिरमिळ्यांचा घोळ. ती पाण्यातून ओढायची म्हणजे भरलेली बादली रहाटाने वर काढल्यासारखं काम. संध्याकाळी मनगटं बोलतात. जुनी रीळं तिच्यापुढे टिकेनात, म्हणून दणकट रीळं आणि लांब काठ्या आल्या.

एवढं करून मस्की येतो, आणि बऱ्याचदा नुसताच येतो. फिरकीच्या मागे वीतभर अंतर राखून होडीपर्यंत पोचतो आणि थांबतो. म्हणून फिरकी कधी थेट पाण्याबाहेर काढत नाहीत. काठीचं टोक पाण्यात खुपसून होडीच्या कडेलाच आकडा काढतात. आकडा इंग्रजी आठाचा. आपल्या ८ ने भागत नाही, त्याला पुन्हा मागे येणारी वळणं नाहीत. वळणं ऐसपैस घ्यायची, कारण चार फुटांचा मासा लहान वळणात वळू शकत नाही. फिरकी वळते, तिच्यामागे ते लांबोडं तोंड वळतं, काठी धरणाऱ्याच्या बुटांपासून दोन हातांवर. दुसऱ्या वळणावर कल्ले फुगतात.