चादरीमागची तीन मने

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कानडी अशा तीन भाषा पिढ्यानपिढ्या नांदत आल्या, तिथे तेलंगणाच्या मुलखातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जेकार्ड चादरीचा जो लौकिक उभारला, त्याचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरण्या, भांडवल आणि मजुरी यांचाच हिशेब मांडतात. परंतु एक चादर सिद्ध होण्यासाठी भिन्न रीतीने विचार करणाऱ्या माणसांची जी सांगड पडावी लागे, ती मला या कसबातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४च्या सुमारास सिद्ध केलेल्या, त्याच्याच नावाने जेकार्ड म्हटल्या जाणाऱ्या यंत्राचे तत्त्व असे, की पुठ्ठ्यात जिथे छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि बाण्याच्या प्रत्येक फेकीबरोबर पुढचा पुठ्ठा समोर येतो. चौकड्यांच्या कागदावर मोर किंवा वेल रंगविणाऱ्या नक्षीकाराला पुरे वस्त्र मनश्चक्षूंपुढे उभे करावे लागे; त्या कागदावरून पुठ्ठ्यांत छिद्रे पाडणारा मात्र मोराच्या पिसाऱ्यात रमला तर चुकणारच, कारण त्याने भरलेली आणि रिकामी घरे मोजीतच पुढे सरकावयाचे; आणि मागावरच्या कारागिराला पावडीचा दाब, धोट्याची धाव व फणीचा ठोका यांतून ताण्याची अवस्था डोळ्यांआधी हातापायांना कळावी लागे. कलावंत म्हणून मान मिळाला तो पहिल्याला. हा अन्याय आहे, कारण उरलेल्या दोघांचेही ते चिंतनच होते.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने १८८०मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मनामनांतील अशाच फरकांच्या अभ्यासासाठी लोकांना विचारले होते, की सकाळच्या न्याहारीचे मेज आठवा आणि त्याचे चित्र मनात किती स्पष्ट उमटते ते कळवा. तेव्हा अनेक नामांकित शास्त्रज्ञांनी असे चित्र आपणांस मुळी दिसतच नाही, असे उत्तर दिले, आणि गाल्टन विस्मित झाला. पुठ्ठ्यांत छिद्रे पाडणाऱ्या सोलापुरी माणसाला त्यात नवल वाटले नसते.

पुढे यंत्रमागाने तिसऱ्याचे काम उचलले, संगणकाने दुसऱ्याचे. हातमागाच्या जेकार्डवर उमर घालविलेले जे वृद्ध आज पूर्व भागात भेटतील, त्यांना हाच प्रश्न, न्याहारीच्या मेजाऐवजी तुटलेल्या धाग्याविषयी, त्यांच्या तेलुगूत कोणीतरी विचारून उत्तरे लिहून ठेवावीत.