पिकलबॉल : जोर आवरण्याचा खेळ

बॅडमिंटन खेळलेला माणूस पिकलबॉलच्या कोर्टवर प्रथम उतरतो तेव्हा त्याला सारे ओळखीचे वाटते. ४४ फूट लांबी आणि २० फूट रुंदी हे माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचेच आहे. हा योगायोग नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी कंटाळलेल्या घरच्यांसाठी हा खेळ रचला, तो एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच. हाताशी होत्या टेबल टेनिसच्या बॅट आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू. पुढे त्यांचे मित्र बार्नी मॅक्कॅलम यांच्या सहभागाने नियमांना आकार आला. उंच जाळे खाली आणले गेले. आज ते कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असते. नावातल्या ‘पिकल’चा लोणच्याशी संबंध नाही. ते नाव कोठून आले याच्या दोन कथा सांगितल्या जातात आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

भारतात हा खेळ रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. आता शहरांतल्या गृहसंकुलांत, क्लबांत आणि इमारतींच्या गच्चीवरही ही कोर्ट दिसू लागली आहेत. शिकायला सोपा म्हणून लोक येतात आणि पहिल्याच आठवड्यात साठीतल्या एखाद्या मुरलेल्या जोडीकडून सपाटून हरतात. हरण्याचे कारण बहुधा एकच असते. नवखा खेळाडू प्रत्येक चेंडू जोरात मारतो आणि हा खेळ जोर आवरणाऱ्याला गुण देतो.

असे का, हे कळण्यासाठी जाळ्यालगतच्या पट्ट्याचा नियम नीट समजून घ्यावा लागतो. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा आखलेला असतो. बोलीभाषेत त्याला ‘किचन’ म्हणतात. या पट्ट्यात किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही. हवेतला चेंडू बाहेरून मारला, पण तोल जाऊन पाय आत पडला, तरी तो दोषच. मग चेंडू तोवर मृत झालेला का असेना. मात्र किचनमध्ये पाऊल टाकायलाच बंदी आहे, ही अनेकांची समजूत चुकीची आहे. टप्पा पडलेला चेंडू घेण्यासाठी खुशाल आत जावे. फक्त पुढचा चेंडू हवेत मारायचा असेल तर आधी दोन्ही पाय बाहेर टेकलेले असावेत.

या नियमामुळे जाळ्याशी उभे राहून स्मॅशचा मारा करण्याची सोय उरत नाही. किचनमध्ये अलगद पडलेल्या चेंडूचा टप्पा जाळ्याच्या उंचीच्या खालीच राहतो. तो वर उचलूनच मारावा लागतो आणि वर उचललेल्या चेंडूत जोर घातला की तो कोर्टाबाहेर जातो किंवा समोरच्याच्या छातीच्या उंचीवर आयता मिळतो. सारी लढाई म्हणूनच ‘चेंडू वर कोण देतो’ या एका प्रश्नावर येऊन थांबते.

सुरुवात पकडीपासून करावी. पॅडल हातोडीसारखे धरावे. फोरहँड आणि बॅकहँड दोन्हींसाठी ही एकच पकड नवख्याला पुरते. मूठ आवळू नये. घट्ट मुठीतल्या पॅडलवरून चेंडू उसळून लांब जातो, सैल हातातून तो मरून पडतो. दोन फटक्यांच्या मध्ये पॅडल छातीसमोर असावे आणि गुडघे किंचित वाकलेले. पॅडल मांडीपाशी लोंबकळत ठेवून उभे राहण्याची सवय नवख्यांमध्ये फार दिसते. जाळ्याजवळ चेंडू येण्यास इतका कमी वेळ लागतो की तेथून हात वर येईपर्यंत गुण गेलेला असतो.

सर्व्हिस खालून वर जाणाऱ्या हातानेच करायची असते. चेंडू कमरेखाली मारायचा आणि त्या वेळी पॅडलचे डोके मनगटापेक्षा वर नको. हे जड जात असेल तर चेंडू हातातून नुसता सोडून, टप्पा पडल्यावर मारण्याची मुभा २०२१ पासून आहे. तेथे ही बंधने लागू नाहीत. चेंडू समोरच्या तिरक्या चौकोनात पडला पाहिजे आणि किचनची रेषा त्यात धरली जात नाही. जाळ्याला लागून योग्य जागी पडलेली सर्व्हिस पुन्हा घेतली जात नाही, खेळ चालूच राहतो. पहिल्या महिन्यात सर्व्हिसवर गुण कमावण्याचा विचारही करू नये. पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. फुकट घालवलेली सर्व्हिस म्हणजे गुण मिळवण्याची संधीच घालवणे. चेंडू उंच, संथ आणि बेसलाइनच्या जवळ पडेल एवढेच पाहावे.

सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका, या दोन्ही चेंडूंचा टप्पा पडू देणे बंधनकारक आहे. या नियमाचा परिणाम मोठा आहे. सर्व्हिस करणाऱ्या जोडीला परतीच्या टप्प्यासाठी मागे थांबावे लागते. परतवणारा मात्र फटका मारून लगेच किचनच्या रेषेपाशी जाऊ शकतो. म्हणजे टेनिसच्या उलट, येथे सर्व्हिस करणारा अडचणीत असतो. म्हणून सर्व्हिस परतवताना चेंडू खोल आणि थोडा उंच द्यावा, जेणेकरून पुढे येण्यास वेळ मिळेल. समोरचा फटका मारत असेल त्या क्षणी मात्र जेथे असाल तेथे थांबून दोन्ही पाय जमिनीवर स्थिर करावेत. धावता धावता मारलेला चेंडू क्वचितच हवा तेथे जातो.

आता सर्व्हिस करणाऱ्यांचा तिसरा फटका. नवखा आणि जाणता यांतला फरक येथेच उघडा पडतो. समोर दोन खेळाडू जाळ्यापाशी पॅडल सरसावून उभे आहेत. त्यांच्यावर जोरात मारलेला चेंडू ते नुसते पॅडल धरून पायाशी परत देतात. त्याऐवजी चेंडू कमानीत उचलून त्यांच्या किचनमध्ये टाकावा. कमानीचा सर्वांत उंच बिंदू जाळ्याच्या आपल्या बाजूला असावा. जाळे ओलांडताना चेंडू उतरणीला लागलेला हवा. तो जमला की समोरच्यांना वर उचलावेच लागते आणि तेवढ्या अवधीत आपली जोडी पुढे सरकते. एका दमात रेषेपर्यंत पोहोचणे आवश्यक नाही, दोन-तीन फटक्यांत पोहोचले तरी चालते. हा फटका बेसलाइनवरून शिकू नये. आधी किचनच्या रेषेशी उभे राहून चेंडू टाकावा, जमू लागला की एकेक पाऊल मागे जावे.

रेषेपाशी चौघे आले की ‘डिंक’ची देवाणघेवाण सुरू होते. डिंक म्हणजे किचनमधून किचनमध्ये टाकलेला अलगद चेंडू. यात हात खांद्यापासून हलवावा, मनगट स्थिर ठेवावे आणि चेंडू शरीराच्या पुढे घ्यावा. बॅडमिंटनच्या खेळाडूंना हे सर्वाधिक छळते, कारण त्यांच्या मनगटाला झटक्याची सवय असते. टेनिसवाल्यांची खोड वेगळी. ते पॅडल फार मागे नेतात. टेबल टेनिसवाल्यांचे हात चपळ असतात, पण पाय जागचे हलत नाहीत. डिंक शक्यतो तिरका द्यावा. एका किचनरेषेपासून समोरच्या रेषेपर्यंत सरळ अंतर १४ फूट भरते, तर कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत २४ फुटांहून अधिक. शिवाय मध्यभागी जाळे दोन इंचांनी खाली असते. चुकीला एवढी जागा सरळ फटक्यात मिळत नाही.

दुहेरीत दोघांच्या मधला चेंडू कोणी घ्यायचा, हे आधीच ठरवावे. साधारणपणे ज्याचा फोरहँड मध्यभागी येतो, त्याने तो घ्यावा. ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’ हे तीन शब्द मोठ्याने उच्चारण्याचा संकोच नको. खांद्याच्या उंचीवर वेगाने येणारा चेंडू बहुतेकदा बाहेरच जाणारा असतो. त्याला हात न लावणे हेही कौशल्यच.

डोक्यावरून गेलेल्या लॉबबाबत मात्र सक्त ताकीदच द्यावी लागेल. चेंडूकडे पाहत उलट पावली पळू नये. पाठीवर आपटून मनगट मोडण्याचा किंवा डोके आपटण्याचा धोका असतो आणि या खेळाकडे वळणाऱ्यांत पन्नाशी-साठीतले पुष्कळ असतात. आधी अंग वळवावे आणि मग धावावे. किंवा चेंडू सरळ जोडीदारावर सोडावा. जॉगिंगचे जाड तळव्याचे बूट कडेच्या हालचालीत घोटा मुरगळवतात. सपाट तळव्याचे कोर्टचे बूट घ्यावेत, पॅडलवर थोडा खर्च कमी झाला तरी हरकत नाही. पावसाळ्यात रंगवलेल्या उघड्या कोर्टवर ओल दिसत नसली तरी असू शकते. ती हाताने तपासूनच खेळ सुरू करावा. पोटऱ्या आणि खांदे मोकळे करण्यासाठी आधी दहा मिनिटे काढावीत.

सरावासाठी एक युक्ती नवख्यांच्या गटाला फार उपयोगी पडते. सामना ११ गुणांचाच, दोन गुणांच्या आघाडीचा. पण चेंडू फक्त दोन्ही किचनमध्येच टाकायचा. किचनबाहेर पडलेला प्रत्येक चेंडू बाद. पहिले काही दिवस हा खेळ कंटाळवाणा वाटतो. मग एके संध्याकाळी वीस-पंचवीस फटक्यांची देवाणघेवाण होते आणि कोणाच्या तरी हातून चेंडू चार इंच वर येतो. त्या चेंडूवर मात्र स्मॅश मारावा, अगदी मनसोक्त.